रेषांतून उलगडलेला मेंदू

(द्वितीय वर्ष कला, मानसशास्त्र)

मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात सुरुवातीलाच मज्जासंस्थेचे एक प्रकरण येते. विज्ञानातून सुटलो म्हणून हुश्श करीत कला शाखेत आलेल्या आम्हा मुलामुलींना ते प्रकरण म्हणजे वाटेत आडवे पडलेले खोडच वाटते. मला तरी तसे वाटले होते. मज्जापेशीची आकृती काढा व भागांना नावे द्या, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो आणि त्याचे गुणही हमखास मिळतात, एवढ्यापुरताच माझा त्या पेशीशी संबंध होता. मधोमध एक वेडावाकडा ठिपका, त्याला फुटलेल्या आखूड शाखा, एका बाजूने निघालेली लांब शेपटी आणि शेपटीच्या टोकाला पुन्हा बारीक फाटे. पाच मिनिटांत आकृती तयार! माझा हात चित्रकलेत बरा असल्यामुळे मैत्रिणींच्या वह्यांतल्या आकृत्याही मीच काढून दिल्या होत्या.

त्या आकृतीचा अर्थ मला कळला तो मात्र वर्गात नव्हे, दवाखान्यात.

माझे बाबा सुतार. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. सकाळी चहा घेऊन ते कामाला बसले आणि थोड्याच वेळात त्यांच्या उजव्या हातातली पटाशी गळून पडली. उचलायला गेले तर बोटे मिटेनात. काय झाले म्हणून आईने विचारले, तर तोंड एका बाजूला ओढलेले आणि शब्द बाहेर पडेना. अर्धांगाचा झटका होता. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी एका तरुण डॉक्टरबाईंनी मला आणि आईला समोर बसवले आणि एका कागदाच्या पाठीवर मेंदूचे चित्र काढून दाखवले. मेंदूच्या डाव्या भागाला रक्त नेणारी वाहिनी तुंबली आहे. शरीराच्या उजव्या बाजूला हुकूम नेणारे तंतू डाव्या मेंदूतून निघतात, खाली मस्तिष्कपुच्छात ते बाजू बदलतात, म्हणून इजा डावीकडे आणि लुळेपणा उजवीकडे. बहुतेक माणसांच्या बोलण्याचे केंद्रही डाव्या बाजूलाच, म्हणून वाचाही गेली. एवढे सांगून त्यांनी कोपऱ्यात एक ठिपका, त्याच्या शाखा आणि त्याची लांब शेपटी काढली. अशा पेशी तिथे मेल्या आहेत, असे त्या म्हणाल्या. मी त्या आकृतीकडे बघतच राहिले. ती माझीच आकृती होती. चार-पाच वह्यांत काढलेली आणि एकदाही न समजलेली!

सुट्टी संपल्यावर मी आमच्या विभागातल्या सरांना सहज विचारले, की ही आकृती नीट उलगडून दाखवली कोणी? सरांनी नाव सांगितले, सांतियागो रामोन ई काहाल. आणि दुसऱ्या दिवशी काहाल यांच्या आत्मचरित्राचे इंग्रजी भाषांतर माझ्या हातात ठेवले. ते पुस्तक मी शनिवार-रविवारी घरी जाऊन बाबांच्या खाटेशेजारी बसून वाचले. एका हाताशी शब्दकोश होता. हा लेख त्या वाचनातून आणि नंतर जे आणखी वाचले त्यातून झाला आहे.

सांतियागोचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनमधल्या पेतिया दे आरागोन या डोंगराळ खेड्यात झाला. वडील हुस्तो रामोन हे शेतकऱ्याच्या घरातले. शिक्षणासाठी त्यांनी काढलेले कष्ट ऐकले तर आपल्याकडची माधुकरीची दिवसच आठवावेत. एका गावठी शल्यवैद्याकडे त्यांनी उमेदवारी केली. त्या काळी तिकडे दाढी-हजामत आणि किरकोळ शस्त्रक्रिया एकाच हाताने होत असे. मग पायपीट करीत ते मोठ्या शहरात गेले, शिकले, आणि पुढे संसार पाठीशी घेऊन वैद्यकाची मोठी पदवीही त्यांनी मिळवली. अशा माणसाला जगात एकच गोष्ट खरी वाटते, ती म्हणजे उपयोगी विद्या. खेळ, कविता, चित्रे ही सारी भरल्या पोटाच्या लोकांची थेरे, असे त्यांचे मत होते. मुलगा आपल्यासारखाच डॉक्टर होणार, हे त्यांनी ठरवून टाकले होते. शिकवण्याची हौस मात्र दांडगी. मेंढपाळांच्या एका गुहेत बसवून त्यांनी लहानग्या सांतियागोला फ्रेंच शिकवले.

पण मुलाच्या बोटांना वेगळीच खाज होती. मिळेल त्या कागदावर, भिंतीवर, दारावर तो चित्रे काढायचा. घोडे, सैनिक, संत, जहाजे. रंग विकत घ्यायला पैसे नाहीत, तर रंगीत कागद भिजवून त्याचा रंग काढायचा. वडिलांचा डोळा चुकवून हे चालायचे. शेवटी आयेर्बे नावाच्या गावी असताना वडिलांनी या प्रकरणाचा सोक्षमोक्ष लावायचे ठरवले. चर्चच्या भिंती रंगवायला गावात एक रंगारी आला होता. सांतियागोने काढलेले एका संताचे चित्र घेऊन बापलेक त्याच्याकडे गेले. रंगाऱ्याने चित्र खालीवर करून पाहिले आणि निकाल दिला, की हे चित्र नव्हे, नुसती खरडाखरड आहे. या मुलाला या कलेत गती नाही. झाले! त्या दिवसापासून घरात पेन्सिल आणि रंग यांना बंदी.

हे पान वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. दहावीनंतर मला चित्रकलेच्या शाळेत जायचे होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा मी दिल्या होत्या. बाबांनी कोणा रंगाऱ्याला विचारले नव्हते. त्यांनी एवढेच म्हटले होते, की चित्रे काढून पोट भरत नाही. आणि हे सांगताना त्यांच्या स्वतःच्या कानावर सुताराची चपटी पेन्सिल खोचलेली होती! मी तेव्हा काही बोलले नाही. मुकाट्याने कला शाखेचा फॉर्म भरला. पण त्यानंतर कितीतरी दिवस मी बाबांशी कामापुरतेच बोलत होते. आता मला पुष्कळ बोलायचे होते आणि बाबांना शब्द सापडत नव्हते.

सांतियागो माझ्यासारखा मुकाट्याने बसणारा नव्हता. तो व्रात्य झाला. अकराव्या वर्षी त्याने लाकडाचा ओंडका कोरून खरोखरची तोफ तयार केली, दारू ठासली आणि शेजाऱ्याच्या बागेचे फाटक उडवून दिले. गावच्या कोठडीत त्याला काही दिवस काढावे लागले आणि वडिलांची त्याला संमती होती. हाका गावच्या शाळेत लॅटिनचे पाठांतर आणि छडीचा मार यांपलीकडे त्याच्या वाट्याला काही आले नाही. पुढे वेस्का येथे शिक्षण चालू असताना वडिलांनी त्याला एका न्हाव्याकडे ठेवले, मग चांभाराकडे ठेवले. जोडे शिवण्यात मात्र त्याचा हात चांगला बसला. शिस्तीसाठी म्हणून केलेली ही शिक्षा. पण बोटांना मिळालेले वळण वाया जात नाही, हे पुढे दिसून आले.

आणि मग १८६८ चा उन्हाळा आला. मुलाला शरीरशास्त्राची गोडी लावण्यासाठी वडिलांनी एक विलक्षण उपाय केला. चांदण्या रात्री ते मुलाला घेऊन गावच्या स्मशानभूमीची भिंत चढले. जुन्या थडग्यांतून बाहेर पडलेली हाडे त्यांनी गोळा केली आणि घरी आणली. रोज एक हाड हातात घेऊन वडील शिकवू लागले. ही खाच कशाची, या भोकातून कोणती नस जाते, हा उंचवटा कोणत्या स्नायूसाठी. पाठांतराला कंटाळलेल्या मुलाला इथे पाठ करण्याजोगे काही नव्हतेच. इथे पाहायचे होते. आणि जे पाहिले ते काढल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हते. वडिलांनी बंद केलेली चित्रकला वडिलांनीच उघडलेल्या दाराने परत आली! कवटीचे चित्र काढले म्हणून कोण रागावणार?

पुढे वडिलांना सारागोसा येथे शवविच्छेदन शिकवण्याचे काम मिळाले आणि मुलगाही तिथेच वैद्यकाला गेला. दोघे तासन् तास शेजारी उभे राहून काम करीत. स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतू यांची मुलाने काढलेली रंगीत चित्रे पाहून वडील इतके हरखले, की त्यांचा एक मोठा संग्रह छापायचे त्यांच्या मनात आले. छपाईच्या अडचणींमुळे ते पुस्तक निघाले नाही. पण रंगाऱ्याचा निकाल शिरोधार्य मानणाऱ्या बापाने मुलाची चित्रे छापायला निघावे, यापेक्षा मोठा सन्मान सांतियागोला पुढे मिळाला असेल असे मला वाटत नाही.

१८७३ मध्ये ते डॉक्टर झाले. लगेच सैन्यात भरती व्हावे लागले आणि १८७४ मध्ये त्यांची रवानगी क्यूबाला झाली. तिथे स्पेनच्या सत्तेविरुद्ध लढा चालला होता. दलदलीतल्या लष्करी दवाखान्यात रोग्यांवर उपचार करता करता डॉक्टरच हिवतापाने आणि हगवणीने अंथरुणाला खिळले. १८७५ मध्ये हाडांचा सापळा होऊन ते घरी परतले. थकलेला पगार मिळाला, त्यातून त्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्र घेतले आणि घराच्या माळ्यावर आपली प्रयोगशाळा थाटली. १८७८ मध्ये क्षयाने गाठले. तेव्हा क्षय म्हणजे मरणाची चिठ्ठीच! पण डोंगरातल्या हवेने ते वाचले. १८७९ मध्ये सिल्वेरिया यांच्याशी विवाह झाला. या बाईंनी ओढग्रस्तीत सात मुलांचा संसार सांभाळला आणि नवऱ्याच्या काचपट्ट्यांसाठी पैसा कमी पडू दिला नाही. १८८४ पासून व्हॅलेन्सिया येथे काहाल शरीररचनेचे प्राध्यापक झाले. दुसऱ्याच वर्षी तिथे पटकीची साथ आली. त्या साथीसंबंधी त्यांनी केलेल्या कामाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक शासनाने त्यांना एक उत्तम जर्मन सूक्ष्मदर्शक भेट दिला. हत्यार हाती आले होते. काम अजून सापडायचे होते.

ते काम कोणते, हे समजण्यासाठी आपण जरा आपल्या क्रमिक पुस्तकाकडे वळू. मज्जासंस्थेचा ढोबळ नकाशा त्या काळीही ठाऊक होता. कवटीत मेंदू, वजनाने सुमारे १४०० ग्रॅम. त्यात विचार, स्मृती, वाणी आणि ऐच्छिक हालचाली यांचे स्थान असलेला मोठा मेंदू, तोल आणि हालचालींची सफाई सांभाळणारा लहान मेंदू, आणि श्वास व हृदयाचे ठोके यांवर लक्ष ठेवणारे मस्तिष्कपुच्छ. तिथून खाली पाठीच्या कण्यातून उतरणारा सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा मज्जारज्जू. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या, मज्जारज्जूतून निघणाऱ्या ३१ जोड्या. काही तंतू बाहेरच्या वार्ता आत आणतात, काही आतले हुकूम बाहेर नेतात. गरम तव्याला बोट लागले की मेंदूला कळण्याआधीच हात मागे येतो, कारण तो निर्णय मज्जारज्जूच परस्पर घेऊन टाकतो. शिवाय जेवण पचवणे, घाम आणणे, भीती वाटताच छाती धडधडवणे ही कामे आपल्याला न विचारता करणारी स्वायत्त मज्जासंस्था आहेच.

हे सगळे खरे. पण ही संस्था बनली आहे कशाची? मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर दिसायचा तो नुसता गुंता. त्या काळच्या बहुतेक शास्त्रज्ञांचे मत असे, की मेंदू म्हणजे एकमेकांत मिसळून गेलेल्या धाग्यांचे एकच एक अखंड जाळे आहे. इटलीचे कामिल्लो गोल्जी हे या मताचे मोठे पुरस्कर्ते. याच गोल्जींनी १८७३ मध्ये एक अप्रतिम युक्ती शोधली होती. मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवून नंतर सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला, की त्यातल्या मोजक्याच पेशी टोकापासून टोकापर्यंत काळ्याभोर होतात आणि बाकीच्या पिवळसर पार्श्वभूमीत विरून जातात. सगळ्याच रंगल्या असत्या तर पुन्हा गुंताच दिसला असता! ही पद्धत लहरी होती, कधी साधे, कधी न साधे, म्हणून फारसे कोणी तिच्या वाटेला जात नसे. १८८७ मध्ये माद्रिद येथे सिमारो नावाच्या डॉक्टरांनी अशी एक काचपट्टी काहालना दाखवली आणि काहाल वेडे झाले. त्यांच्यातल्या चित्रकाराला तो जणू कोऱ्या कागदावर शाईने काढलेला चित्रपटच वाटला असणार.

त्याच वर्षी त्यांची बदली बार्सिलोनाला झाली. तिथे त्यांनी दोन गोष्टी केल्या. तुकडा दोनदा मुरवून रंग पक्का बसवला. आणि दुसरी गोष्ट खरी अक्कलहुशारीची. पूर्ण वाढलेल्या मेंदूऐवजी त्यांनी पक्ष्यांचे भ्रूण आणि नुकती जन्मलेली पिल्ले घेतली. आपल्याकडे बांधावर करवंदीची जाळी माजते. तिच्यात कोणती फांदी कोणत्या बुंध्याची, हे सांगता येत नाही. सारी जाळी एकच वाटते. पण रोपे वीतभर असतानाच पाहिली तर प्रत्येक रोप वेगळे आहे हे पोरालाही कळते. कोवळ्या मेंदूतल्या शाखा आखूड असतात, आणि तंतूंवर पुढे चढणारे पांढरे स्निग्ध आवरण अजून चढलेले नसते, म्हणून काळा रंग नीट धरतो. काहाल यांनी पक्ष्यांच्या लहान मेंदूत पाहिले, की एका पेशीचा तंतू दुसऱ्या पेशीजवळ येतो, टोपलीसारखा तिच्या अंगाभोवती विणला जातो, पण तिच्यात मिसळत नाही. तिथेच संपतो. प्रत्येक पेशी स्वतंत्र!

मे १८८८ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. छापणार कोण? म्हणून पदरमोड करून त्यांनी स्वतःचेच नियतकालिक काढले आणि पहिल्या अंकाच्या ६० प्रती परदेशच्या विद्वानांना धाडल्या. उत्तर नाही. स्पॅनिशमध्ये लिहिलेले शास्त्र वाचतो कोण! आपल्या भाषेत लिहिणाऱ्याचे हे दुःख आपल्याला काही नवीन नाही. याच बार्सिलोनाच्या वर्षांत त्यांची एक लहान मुलगी मेंदूच्या आवरणाच्या दाहाने गेली. ज्या अवयवाचे कोडे हा बाप रात्ररात्र जागून सोडवीत होता, त्याच्याच रोगाने त्याचे मूल नेले.

१८८९ च्या ऑक्टोबरात काहाल यांनी स्वतःच्या खर्चाने बर्लिन गाठले. तिथे जर्मन शरीरशास्त्रज्ञांचे संमेलन होते. सोबत काचपट्ट्या आणि आपले यंत्र. जर्मन येत नाही, फ्रेंच मोडकेतोडके. कोणी फारसे लक्ष देईना, तेव्हा त्यांनी एकेकाला धरून यंत्रापाशी आणले. त्यांत वयाची सत्तरी ओलांडलेले क्योलिकर होते, त्या विषयातले त्या काळचे भीष्माचार्यच. त्यांनी डोळा लावला, एकामागून एक काचपट्टी पाहिली, आणि आजवर स्वतः मानलेले जाळ्याचे मत पुढे सोडून दिले. काहाल यांचे लेखन वाचता यावे म्हणून त्यांनी त्या वयात स्पॅनिश शिकायला घेतले असे म्हणतात. थोर माणसाचे थोरपण चूक कबूल करण्यात किती असते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

१८९१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ वाल्डेयर यांनी या स्वतंत्र पेशीला न्यूरॉन हे नाव दिले. आपल्या पुस्तकातली मज्जापेशी ती हीच. काहाल यांनी तिच्यातली एकेरी वाहतूकही सांगितली. संदेश शाखातंतूंनी आत येतो, पेशीदेहातून जातो आणि अक्षतंतूने बाहेर पडतो. ही आकृती पाठ करताना बाणाची दिशा चुकली तर आपला अर्धा गुण जातो. ती दिशा काहाल यांनी नुसत्या आकारांवरून ओळखली होती, कारण जिवंत पेशीतून वाहणारा संदेश दिसण्याची सोय तेव्हा नव्हतीच. वाढणाऱ्या तंतूच्या टोकाला वाट चाचपत जाणारा एक फुगीर शंकू असतो, हेही त्यांनी दाखवले. १८९७ मध्ये इंग्लंडच्या शेरिंग्टन यांनी दोन पेशींच्या भेटीच्या जागेला सिनॅप्स हे नाव दिले. त्याला आपण संधिस्थान म्हणतो. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकांच्या हृदयावर प्रयोग करून दाखवले, की मज्जातंतू आपला निरोप पुढे रसायनाच्या रूपाने पोहोचवतात. आणि १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मज्जापेशींमधली ती फट प्रत्यक्ष दिसली, मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी. काहाल तोवर हयात नव्हते. पण फट आहे हे त्यांनी साध्या यंत्राने आणि पेन्सिलीने साठ वर्षे आधी सांगून ठेवले होते. माणसाच्या मेंदूत अशा पेशी सुमारे ८६ अब्ज असाव्यात असे आजचे संशोधन सांगते.

१८९२ मध्ये ते माद्रिदला आले आणि तिथेच राहिले. चित्रे काढण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. सकाळी यंत्रातून तासन् तास पाहायचे. मग पुष्कळदा यंत्र दूर ठेवून स्मरणाने काढायचे आणि पुन्हा यंत्राशी ताडून पाहायचे. एका चित्रात अनेक काचपट्ट्यांतले निरीक्षण एकवटलेले असे. म्हणून ते चित्र नुसती नक्कल नसे, त्यात समज असे. त्यांची हजारो चित्रे आज जपून ठेवलेली आहेत. २०१७ मध्ये युनेस्कोने काहाल यांचा आणि त्यांच्या शिष्यपरंपरेचा हा ठेवा जगाच्या स्मृतिसंग्रहात नोंदवला. गावच्या रंगाऱ्याने हे ऐकायला हवे होते!

१९०६ चे नोबेल पारितोषिक काहाल आणि गोल्जी यांना विभागून मिळाले. एकाने हत्यार घडवले, दुसऱ्याने ते चालवले. स्टॉकहोमच्या समारंभात दोघांची भेट झाली. तिथे गोल्जींनी आपल्या व्याख्यानात मज्जापेशीच्या सिद्धांतावरच टीका केली आणि आपले जाळे सोडले नाही. दुसऱ्या दिवशी काहाल यांनी आपले निष्कर्ष मांडले आणि गोल्जींच्या पद्धतीचे ऋणही मानले. या प्रसंगाचा सल त्यांच्या आत्मचरित्रात जाणवतो. क्योलिकर आणि गोल्जी, दोघेही विद्वान, दोघांच्याही समोर तोच पुरावा. एकाने डोळ्यांवर विश्वास ठेवला, एकाने मतावर.

१९१३ आणि १९१४ मध्ये काहाल यांचा मज्जातंतूंच्या ऱ्हासावर आणि पुनर्वाढीवर मोठा ग्रंथ निघाला. त्याविषयी वाचताना माझ्या काळजाचा ठोका चुकला. हातापायातला तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढू शकतो. पण प्रौढ माणसाच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत जे मरते ते परत येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा नियम बदलता आला तर तो पुढच्या काळातल्या शास्त्राने बदलावा, अशी आशाही त्यांनी व्यक्त केली आहे. शेजारी बाबा झोपले होते. त्यांचा उजवा हात उशीवर तसाच पडलेला होता. काहाल कधी खोटे काढत नाहीत, हे मला एव्हाना पटले होते. त्यामुळे ते वाक्य खोटे असेल असे मनाला समजावणेही जमेना.

पण मी वाचत राहिले, हे बरे झाले. याच काहाल यांनी १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक वेगळा विचार मांडला होता. मेंदूतल्या पेशींची संख्या वाढत नसली तरी सरावाने त्यांच्या शाखा आणि त्यांचे परस्परसंबंध वाढत असावेत, असा तो विचार. पुढच्या संशोधनाने त्याला पुष्कळ बळ मिळाले आहे. मेलेल्या पेशी बहुधा परत येत नाहीत. पण उरलेल्या पेशी नव्या वाटा पाडतात आणि गेलेल्यांचे काही काम शिकून घेतात. बाबांना व्यायाम शिकवायला जे येतात ते रोज तोच चेंडू बाबांच्या मुठीत का देतात आणि तेच दहा शब्द का म्हणून घेतात, हे मला तेव्हा कळले. आधी मला ती कंटाळवाणी घोकंपट्टी वाटायची. आता मी स्वतःच त्यांच्याकडून ते शब्द म्हणून घेते. पाणी, दार, रंधा, आई.

काहाल शेवटपर्यंत काम करीत राहिले. छायाचित्रणाचा त्यांना नाद होता आणि रंगीत छायाचित्रणावर १९१२ मध्ये त्यांनी पुस्तकही लिहिले. त्यांनी कथा लिहिल्या, तरुण संशोधकांसाठी उपदेशपर पुस्तक लिहिले आणि मोठे शिष्य घडवले. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे त्यांचे निधन झाले. आज त्यांना आधुनिक मज्जाविज्ञानाचे जनक मानतात. पण मला ते आठवतात ते स्मशानातून आणलेले हाड हातात घेऊन बसलेला मुलगा म्हणून, आणि समोर त्याला शिकवणारे हट्टी वडील. वडिलांनी चित्रे बंद केली हे खरे. पण हाडही वडिलांनीच हातात दिले. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या.

कला शाखेत आलो म्हणून पाहण्याचे काम दुसऱ्यांचे, असे आपण समजतो. त्यात आपलेच नुकसान आहे. मेंदू उलगडायला विज्ञानाची बुद्धी लागली तशी चित्रकाराची नजरही लागली, एवढे जरी या चरित्रातून घेतले तरी पुष्कळ झाले.

या वर्षीच्या जर्नलमध्ये मी मज्जापेशीची आकृती पुन्हा काढली. पाच मिनिटांत नव्हे, एक अख्खी संध्याकाळ लावून. घरी बाबांच्या खाटेवरच वही ठेवली होती. पंख्याने पान उडत होते. बाबा काही वेळ बघत होते. मग त्यांनी डाव्या हाताने वहीचा कोपरा दाबून धरला आणि आकृती पुरी होईपर्यंत तो हात उचलला नाही. मी त्यांच्याच कानावरची ती चपटी पेन्सिल तासून घेतली होती.